छेदात क्ष आला की: गुणोत्तरीय बैजिक राशी, पहिल्या पायरीपासून

बीजगणितात बहुपदींची बेरीज, गुणाकार, अवयव इथपर्यंत बहुतेकांचं बरं चाललेलं असतं. मग एक दिवस क्ष छेदात जाऊन बसतो आणि बरोबर येणारी उत्तरं अचानक चुकायला लागतात. मला या प्रकरणाबद्दल विशेष जिव्हाळा आहे, कारण त्यात नवीन असं फार थोडं आहे. जवळजवळ सगळं आपण लहानपणी साध्या अपूर्णांकांत केलेलंच असतं. तरीही पुढचं गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी या सगळ्यांची वाट इथूनच जाते. म्हणून हा लेख सावकाश वाचा, शेजारी कागद-पेन्सिल ठेवा आणि प्रत्येक उदाहरण स्वतः लिहून पाहा.

लिहिण्याबद्दल आधी एक सूचना. इथे मी अपूर्णांक तिरक्या रेघेने लिहितो आहे, जसं (क्ष + ५) / (क्ष − २). तुम्ही वहीत मात्र आडवी रेघच मारा, वर अंश आणि खाली छेद. आडव्या रेघेमुळे काय कशाच्या खाली आहे हे डोळ्यांना नीट दिसतं. या प्रकरणातल्या निम्म्या चुका तिरक्या रेघेमुळे आणि गाळलेल्या कंसांमुळे होतात.

ही राशी म्हणजे नेमकं काय

दोन पूर्णांकांचं गुणोत्तर म्हणजे परिमेय संख्या: ३/४, −७/२, ५/१. छेद शून्य नसावा, एवढीच अट. आता पूर्णांकांच्या जागी बहुपदी ठेवा. वर एक बहुपदी, खाली एक बहुपदी आणि खालची बहुपदी शून्य नाही, अशा राशीला गुणोत्तरीय बैजिक राशी म्हणतात. काही पुस्तकांत तिला परिमेय राशी असंही म्हटलेलं दिसेल.

(क्ष + ५) / (क्ष − २) ही अशी राशी आहे. ३ / (क्ष² + १) हीसुद्धा. क्ष² − ४क्ष + ७ ही साधी बहुपदीही या कुटुंबात बसते, कारण तिच्याखाली छेद १ आहे असं समजता येतं, जसा ५ हा ५/१ असतो. पण अंशात किंवा छेदात क्ष चं वर्गमूळ आलं, किंवा क्ष स्वतःच घातांकाच्या जागी बसला, तर ती या कुटुंबातली नाही, कारण बहुपदीत क्ष चा घातांक पूर्ण संख्याच असावा लागतो.

पूर्णांकांपासून परिमेय संख्या आणि बहुपदींपासून गुणोत्तरीय राशी, ही जोडी मनात पक्की ठेवा. पुढे कुठेही अडलात तर स्वतःला विचारा, ‘क्ष च्या जागी साधी संख्या असती तर मी काय केलं असतं?’ बहुतेक वेळा तेच इथेही करायचं असतं.

पहिली पायरी: छेद कधी शून्य होतो ते आधी लिहून ठेवा

‘आधी’ या शब्दावर माझा जोर आहे. राशी समोर आली की हात लगेच सोपं रूप द्यायला धावतो. त्याला थांबवा. प्रथम छेद पाहा आणि क्ष च्या कोणत्या किमतीला तो शून्य होतो ते समासात लिहा.

शून्याने भागणं का वर्ज्य, हे नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा समजून घेतलेलं बरं. ६ ÷ ३ = २ याचा अर्थ २ × ३ = ६. मग ६ ÷ ० किती? ज्या संख्येला शून्याने गुणलं की ६ येतात, ती संख्या. अशी संख्याच नाही. आणि ० ÷ ०? ज्या संख्येला शून्याने गुणलं की ० येतो, ती संख्या. इथे तर कोणतीही संख्या चालते, म्हणजे एक ठरावीक उत्तर मिळत नाही. एकीकडे उत्तरच नाही, दुसरीकडे उत्तरांना अंत नाही. दोन्ही बाजूंनी हा भागाकार अर्थहीन ठरतो.

हा प्रश्न फार जुना आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याचे नियम मांडताना शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं म्हटलं होतं. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी छेदात शून्य असलेल्या राशीला ‘खहर’ असं वेगळं नावच दिलं. ‘ख’ म्हणजे शून्य आणि ‘हर’ म्हणजे भाजक. एवढ्या मोठ्या गणितज्ञांनी ज्या प्रश्नाशी झुंज घेतली, तो तुम्हाला पहिल्या दिवशी अवघड वाटला तर त्यात काहीच वावगं नाही. आजच्या गणिताचं उत्तर सरळ आहे: छेद शून्य असेल तर त्या राशीला किंमत नाही.

आता उदाहरणं. (क्ष + ५) / (क्ष − २) मध्ये क्ष = २ घेतला की छेद शून्य, म्हणून क्ष ≠ २. (क्ष + १) / (क्ष² − ५क्ष + ६) मध्ये छेदाचे अवयव (क्ष − २)(क्ष − ३), म्हणून क्ष ≠ २ आणि क्ष ≠ ३. ३ / (क्ष² + १) मध्ये मात्र कसलंच बंधन नाही, कारण वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो आणि त्यात १ मिळवल्यावर छेद कधीच शून्य होत नाही.

अंश शून्य झाला तर? काही बिघडत नाही. पहिल्या उदाहरणात क्ष = −५ घेतला तर ० / (−७) = ०. ही एक किंमतच आहे. पुष्कळ जण अंशाच्या शून्यालाही घाबरून तिथेही ‘≠’ लिहितात. तसं करू नका.

दुसरी पायरी: अवयव

हा लेख अवयवांचा नाही, म्हणून इथे थोडक्यात आवरतो. पण स्पष्ट सांगायला हवं की अवयव पाडण्याचा हात बसलेला नसेल, तर या प्रकरणात पावलोपावली ठेच लागेल. निदान एवढं सहज यायला हवं:

सामाईक अवयव बाहेर काढणं: क्ष² + ३क्ष = क्ष(क्ष + ३)
दोन वर्गांतील फरक: अ² − ब² = (अ + ब)(अ − ब)
वर्ग त्रिपदी: क्ष² + ५क्ष + ६ = (क्ष + २)(क्ष + ३)
दोन घनांतील फरक: अ³ − ब³ = (अ − ब)(अ² + अब + ब²)

यातलं काही अडत असेल तर चार दिवस फक्त अवयव करा आणि मग इकडे परत या. तो वेळ वाया जाणार नाही.

तिसरी पायरी: काट मारणं, आणि या प्रकरणातली सर्वात मोठी चूक

१२/१८ चं अतिसंक्षिप्त रूप २/३ कसं येतं? १२ म्हणजे ६ × २, १८ म्हणजे ६ × ३. अंशात आणि छेदात ६ हा *गुणलेला* आहे, म्हणून त्याला काट मारता येते. मुळात आपण ६/६ हा वेगळा काढतो, आणि तो १ आहे. कशालाही १ ने गुणलं तरी किंमत बदलत नाही. काट मारण्यामागे एवढंच कारण आहे.

राशींमध्येही हेच घडतं:

(क्ष² − ९) / (क्ष² + ५क्ष + ६)
= (क्ष + ३)(क्ष − ३) / [(क्ष + २)(क्ष + ३)]
= (क्ष − ३) / (क्ष + २)

अट: क्ष ≠ −२, क्ष ≠ −३.

आता ती चूक पाहू. (क्ष + ६) / ६ अशी राशी समोर आली की डोळ्यांना वरचा ६ आणि खालचा ६ दिसतो, पेन्सिल चालते आणि उत्तर येतं ‘क्ष’. क्ष = ६ घालून पाहा: खरी किंमत १२/६ = २, तर काट मारून आलेली ६. इथे वरचा ६ हा अवयव नाही, पद आहे. तो मिळवलेला आहे, गुणलेला नाही. (क्ष + ६) / ६ हे फार तर क्ष/६ + १ असं लिहिता येतं.

पद आणि अवयव यांतला फरक हाच या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. पदं अधिक-उण्याने जोडलेली असतात, अवयव गुणाकाराने. काट फक्त अवयवाला लागते, आणि तोही *संपूर्ण* अंशाचा आणि *संपूर्ण* छेदाचा अवयव असावा लागतो. [५(क्ष + १) + २] / (क्ष + १) यात (क्ष + १) वर गुणलेला दिसतो, पण तो फक्त पहिल्या पदाचा अवयव आहे, शेजारच्या २ चा नाही. म्हणून इथे काट नाही. शंका आली की अंशाकडे पाहून विचारा, ‘शेवटची क्रिया कोणती?’ शेवटची क्रिया बेरीज किंवा वजाबाकी असेल, तर अवयव पाडून झाल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही.

आपलं उत्तर बरोबर आहे का, हे स्वतःच तपासता येतं. मूळ राशीत आणि उत्तरात क्ष ची एकच किंमत घाला. वरच्या उदाहरणात क्ष = २ घालू. मूळ राशी: (४ − ९) / (४ + १० + ६) = −५/२० = −१/४. उत्तर: (२ − ३) / (२ + २) = −१/४. जुळलं.

फक्त तपासणीसाठी शून्य घेऊ नका. समजा कुणी (क्ष² + ९) / (क्ष + ३) मध्ये क्ष² ला क्ष ने आणि ९ ला ३ ने भाग देऊन क्ष + ३ असं उत्तर काढलं. क्ष = ० घालून पाहा: ९/३ = ३, आणि उत्तरातही ०+३ = ३. चुकीचं उत्तर तपासणीत पास झालं! क्ष = २ घातला की मात्र चूक उघडी पडते: १३/५ कुठे आणि ५ कुठे. शून्यामुळे पदं नाहीशी होतात आणि १ चे सगळे घात सारखेच असतात, म्हणून या दोन संख्या चुका लपवतात. २, ३, ५ अशा संख्या घ्या. अर्थात ज्या किमतीला छेद शून्य होतो ती सोडून.

आणखी एक बारकी गोष्ट. (५ − क्ष) आणि (क्ष − ५) एकसारखे दिसत नाहीत, पण ते एकमेकांचे विरुद्ध आहेत: ५ − क्ष = −(क्ष − ५). म्हणून

(क्ष² − २५) / (५ − क्ष) = (क्ष + ५)(क्ष − ५) / [−(क्ष − ५)] = −(क्ष + ५), क्ष ≠ ५.

काट मारल्यावर तो − १ मागे उरतो. तो विसरला की उत्तराचं फक्त चिन्ह चुकतं, आणि अशी चूक शोधायला सर्वात त्रासदायक.

काट मारलेला अवयव खरंच जातो का?

इथे जरा रेंगाळू या, कारण हा भाग मला फार सुंदर वाटतो. (क्ष² − ९) / (क्ष − ३) चं सोपं रूप क्ष + ३. मग या दोन राशी एकच आहेत का?

जवळजवळ एकच, पण अगदी एकच नाहीत. क्ष = ३ घातला तर क्ष + ३ ची किंमत ६ येते, पण मूळ राशी ०/० होते, म्हणजे तिला किंमतच नाही. आलेख काढलात तर दोन्हींची एकच सरळ रेषा येते, पण मूळ राशीच्या रेषेत (३, ६) या ठिकाणी एका बिंदूएवढं भोक असतं. म्हणूनच उत्तरापुढे ‘क्ष ≠ ३’ लिहायचं. सोपं रूप दिल्यावर छेद दिसेनासा झाला, तरी मूळ राशीची अट कायम राहते. पहिल्या पायरीवर अटी आधीच लिहून ठेवायला सांगितलं ते याचसाठी. काट मारल्यावर लिहायला बसलात, तर जी अट सर्वात महत्त्वाची तीच हातून निसटलेली असते.

३ च्या अगदी जवळ काय होतं? क्ष = २.९ ला किंमत ५.९, २.९९ ला ५.९९, ३.०१ ला ६.०१. राशी ६ च्या दिशेने शांतपणे सरकत जाते, फक्त नेमक्या ३ वर ती नसते. याउलट १ / (क्ष − ३) पाहा: ३.१ ला १०, ३.०१ ला १००, ३.००१ ला १०००, आणि पलीकडून २.९९ ला −१००. इथे भोक नाही, इथे आलेख एका बाजूने आकाशात जातो आणि दुसऱ्या बाजूने पाताळात. छेद शून्य होण्याचे हे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पुढे कलनशास्त्र शिकाल तेव्हा ‘सीमा’ ही कल्पना नेमकी पहिल्या प्रकारातून उभी राहते, म्हणून ते भोक आत्ताच ओळखून ठेवा.

गुणाकार आणि भागाकार

हे सोपं आहे. अंश गुणिले अंश, छेद गुणिले छेद. फक्त कंस उलगडून मोठमोठ्या बहुपदी तयार करू नका. आधी सगळ्यांचे अवयव पाडा, काट मारा आणि उरलेलं लिहा.

(क्ष² − ४) / (क्ष² + ३क्ष) × (क्ष + ३) / (क्ष − २)
= (क्ष − २)(क्ष + २)(क्ष + ३) / [क्ष(क्ष + ३)(क्ष − २)]
= (क्ष + २) / क्ष

अटी: क्ष ≠ ०, −३, २.

भागाकारात दुसरी राशी उलटी करून गुणायची. मात्र अटी लिहिताना इथे एक जादा काम असतं. ज्या राशीने भागतो आहोत ती स्वतः शून्य असून चालत नाही, म्हणून तिचा *अंशही* शून्य नसावा.

(क्ष + १) / (क्ष − ४) ÷ (क्ष² − १) / (क्ष² − १६)
= (क्ष + १) / (क्ष − ४) × (क्ष − ४)(क्ष + ४) / [(क्ष − १)(क्ष + १)]
= (क्ष + ४) / (क्ष − १)

अटी: छेदांमुळे क्ष ≠ ४, −४, आणि भाजकाच्या अंशामुळे क्ष ≠ १, −१. क्ष = २ घालून पाहा. दोन्हीकडे ६ येतात.

बेरीज-वजाबाकी: खरी कसोटी

१/६ + ३/४ करताना आपण छेद २४ घेत नाही, १२ घेतो, कारण ६ आणि ४ चा लसावि १२ आहे. २४ घेतला तरी उत्तर चुकत नाही, पण शेवटी पुन्हा काट मारावी लागते. राशींमध्ये हा आळस फार महागात पडतो. छेद नुसते एकमेकांत गुणले, तर तिसऱ्या-चौथ्या कोटीच्या बहुपदी हातात येतात आणि त्यांचे अवयव पाडता पाडता दमछाक होते. म्हणून लसाविच काढा.

३ / (क्ष² − ४) + २ / (क्ष² + २क्ष)

छेदांचे अवयव: (क्ष − २)(क्ष + २) आणि क्ष(क्ष + २). लसाविमध्ये प्रत्येक वेगळा अवयव यायला हवा, पण विनाकारण दोनदा नको: क्ष(क्ष − २)(क्ष + २). आता प्रत्येक अपूर्णांकाला विचारा, ‘तुझ्या छेदात काय कमी आहे?’ पहिल्यात क्ष कमी आहे, दुसऱ्यात (क्ष − २). जे कमी आहे त्याने अंश आणि छेद दोन्ही गुणायचे:

= ३क्ष / [क्ष(क्ष − २)(क्ष + २)] + २(क्ष − २) / [क्ष(क्ष − २)(क्ष + २)]
= (३क्ष + २क्ष − ४) / [क्ष(क्ष − २)(क्ष + २)]
= (५क्ष − ४) / [क्ष(क्ष − २)(क्ष + २)]

क्ष = ३ घातला तर डावीकडे ३/५ + २/१५ = ११/१५, आणि उजवीकडे ११ / (३ × १ × ५) = ११/१५. एखादा अवयव घातासह आला तर लसाविमध्ये त्याचा सर्वात मोठा घात घ्या: (क्ष − १)² आणि (क्ष − १)(क्ष + ३) यांचा लसावि (क्ष − १)²(क्ष + ३).

वजाबाकीत एक सापळा आहे. त्यात हुशार मुलंही अडकतात, म्हणून तो मुद्दाम सविस्तर दाखवतो.

२क्ष / (क्ष² − ९) − १ / (क्ष − ३)

लसावि (क्ष − ३)(क्ष + ३). दुसऱ्या अपूर्णांकाला (क्ष + ३) ने गुणायचं. घाईत लिहिलं जातं ते असं: २क्ष − क्ष + ३, म्हणजे क्ष + ३, मग छेदातल्या (क्ष + ३) ला काट, आणि उत्तर १ / (क्ष − ३). किती नेटकं उत्तर! काटसुद्धा व्यवस्थित लागली, म्हणजे बरोबरच असणार असं वाटतं. पण ते चूक आहे. अपूर्णांकाची रेघ हीच एक कंस असते, आणि वजाचं चिन्ह त्या कंसातल्या प्रत्येक पदाला लागतं:

[२क्ष − (क्ष + ३)] / [(क्ष − ३)(क्ष + ३)]
= (क्ष − ३) / [(क्ष − ३)(क्ष + ३)]
= १ / (क्ष + ३), क्ष ≠ ३, −३

क्ष = ४ घाला: ८/७ − १ = १/७. बरोबर उत्तरही १/७ देतं, चुकीचं उत्तर १ देतं. ‘उत्तर सुटसुटीत आलं म्हणजे बरोबर’ यावर कधीही विसंबू नका. वजाबाकीत दुसऱ्या अंशाभोवती कंस लिहायचाच, एकच पद असलं तरी लिहायचा, इतकी ती सवय अंगवळणी पडू द्या.

अंशाची कोटी मोठी असेल तर

१७/५ हा अंशाधिक अपूर्णांक आपण ३ पूर्णांक २/५ असा लिहितो. राशीतही भागाकार करून तसंच लिहिता येतं:

(क्ष² + ३क्ष + ५) / (क्ष + १) = क्ष + २ + ३ / (क्ष + १)

या रूपातून एक गंमत लगेच दिसते. क्ष पूर्णांक असताना ही राशी पूर्णांक कधी येईल? मूळ रूपाकडे पाहून काहीच सुचत नाही. नव्या रूपात मात्र उघड आहे: (क्ष + १) ने ३ ला निःशेष भाग गेला पाहिजे. म्हणून क्ष + १ = १, −१, ३ किंवा −३, आणि क्ष = ०, −२, २ किंवा −४. बस, चारच किमती.

अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक

एखादं वाहन जाताना ताशी ४० किमी वेगाने गेलं आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किमी वेगाने परत आलं, तर सरासरी वेग किती? ५० असं पटकन तोंडात येतं. पण सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. एका बाजूचं अंतर द, जाण्याचा वेग अ आणि येण्याचा वेग ब मानू:

२द / (द/अ + द/ब)

छेदातच दोन अपूर्णांक आहेत. सोडवायचा मार्ग असा की आतल्या छेदांचा लसावि, म्हणजे अब, घ्या आणि त्याने मोठ्या रेघेच्या वरचं-खालचं सगळं गुणा:

= २दअब / (दब + दअ) = २दअब / [द(अ + ब)] = २अब / (अ + ब)

द ला काट कधी लागली, ते पाहा. छेदात द(अ + ब) असा अवयव बाहेर काढल्यावर. आणि अंतर कितीही असलं तरी उत्तर बदलत नाही, हे त्या काटेनेच सांगितलं. आता संख्या घाला: २ × ४० × ६० / १०० = ४८. कमी वेगाने जाण्यात जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी ४० च्या बाजूला झुकली.

समांतर जोडणीतल्या दोन रोधांचं सूत्रही याच घराण्यातलं. एकूण रोध रो असेल तर १/रो = १/अ + १/ब, म्हणून रो = अब / (अ + ब). ४ ओहम आणि १२ ओहम समांतर जोडले तर ४८/१६ = ३ ओहम.

राशी आणि समीकरण यांत गल्लत नको

बेरीज शिकल्यानंतर लगेच समीकरणं येतात आणि इथे एक नवीन गोंधळ सुरू होतो. समीकरणात दोन्ही बाजूंना लसाविने गुणून छेद उडवता येतात. नुसत्या राशीत तसं करता येत नाही, कारण तिला दुसरी बाजूच नसते. राशीला लसाविने गुणलं तर तिची किंमतच बदलते. म्हणून आधी बघा, मध्ये ‘=’ आहे का? नसेल तर छेद शेवटपर्यंत सांभाळायचा.

समीकरणाचं उदाहरण:

क्ष / (क्ष − ३) = ३ / (क्ष − ३) + २

अट: क्ष ≠ ३. दोन्ही बाजूंना (क्ष − ३) ने गुणू: क्ष = ३ + २(क्ष − ३), म्हणजे क्ष = २क्ष − ३, म्हणजे क्ष = ३. पण ३ तर वर्ज्य! म्हणून या समीकरणाला उकलच नाही. गणित कुठे चुकलं? कुठेच नाही. आपण (क्ष − ३) ने गुणलं तेव्हा तो शून्य नाही असं गृहीत धरलं होतं. क्ष = ३ असताना आपण दोन्ही बाजूंना शून्याने गुणलं, आणि शून्याने गुणल्यावर खोटं विधानही खरं होतं: ५ = ७ खोटं आहे, पण ० × ५ = ० × ७ खरं आहे. उपरी उकल जन्माला येते ती अशी. म्हणून उत्तर मिळालं की ते अटींशी ताडून पाहा. कधी दोनपैकी एकच गळते: क्ष² / (क्ष − २) = ४ / (क्ष − २) यातून क्ष = २ किंवा −२ येतात. त्यातला २ बाद, −२ चालतो.

आता शाब्दिक उदाहरण. दोन नळ मिळून एक टाकी ६ तासांत भरतात. एकट्याने भरायला दुसऱ्या नळाला पहिल्यापेक्षा ५ तास जास्त लागतात. तर पहिल्या नळाला एकट्याने किती तास लागतील? अशा उदाहरणात तास मिळवायचे नसतात, एका तासात होणारं काम मिळवायचं असतं. पहिल्याला क्ष तास लागतात, म्हणजे एका तासात १/क्ष टाकी भरते:

१/क्ष + १/(क्ष + ५) = १/६

६क्ष(क्ष + ५) ने गुणल्यावर ६(२क्ष + ५) = क्ष² + ५क्ष, म्हणजे क्ष² − ७क्ष − ३० = ०, म्हणजे (क्ष − १०)(क्ष + ३) = ०. क्ष = १० किंवा −३. पडताळा: १/१० + १/१५ = ५/३० = १/६.

−३ चं काय? तो समीकरणात घालून पाहा: −१/३ + १/२ = १/६. समीकरण तो चोख पाळतो! तो बाद होतो तो छेदामुळे नाही, तर वेळ ऋण नसते म्हणून. बाद होण्याची ही दोन कारणं वेगळी आहेत. उत्तरपत्रिकेत ‘अमान्य’ एवढंच लिहून थांबू नका, का अमान्य तेही लिहा.

हात बसवण्यासाठी

ही चार उदाहरणं सोडवा. उत्तरं खाली आहेत, पण क्ष = ५ किंवा तशी एखादी किंमत घालून आपलं उत्तर आधी स्वतः तपासा आणि मगच खाली नजर टाका.

१. (क्ष² − क्ष − १२) / (क्ष² − १६)
२. (९ − क्ष²) / (क्ष² − ३क्ष)
३. १ / (क्ष − १) − २ / (क्ष² − १)
४. क्ष + ४ / (क्ष − ४) = क्ष / (क्ष − ४) + १ हे समीकरण सोडवा.

उत्तरं: पहिल्याचं (क्ष + ३) / (क्ष + ४), क्ष ≠ ४, −४. दुसऱ्याचं −(क्ष + ३) / क्ष, क्ष ≠ ०, ३. इथे उण्याचं चिन्ह राहून गेलं असेल तर (५ − क्ष) चा भाग पुन्हा वाचा. तिसऱ्याचं १ / (क्ष + १), क्ष ≠ १, −१. चौथ्यात क्ष² − ६क्ष + ८ = ० मिळतं आणि किमती येतात २ आणि ४. त्यातली कोणती ठेवायची, ते तुमच्या समासातली अटच सांगेल.